तेरा आणे पोट

आरोग्याच्या बाजारात हिमालयाचा भाव अलीकडे जरा उतरला आहे आणि जपानचा चढला आहे. पूर्वी कुठलंही चूर्ण खपवायचं तर डब्यावर एक बर्फाचं शिखर आणि एक दाढीवाला एवढं पुरत असे. आता शिखराच्या जागी चेरीची फांदी लागते आणि दाढीवाल्याच्या जागी ओकिनावाची शंभरी ओलांडलेली हसरी आजी. हिरव्या चहाचं कोवळं पान, पायाखाली तुडवायचे गोटे, मनगटापासून तीन बोटं सोडून दाबायचा तो अमुक बिंदू, रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्या... पूर्वेकडचं, जुनं आणि शक्यतो अंगठ्याने दाबायचं असं काही दिसलं की चांगला शिकलेला मराठी माणूसही पाकीट काढतो. हेच कोपऱ्यावरच्या वैद्यांनी सांगितलं असतं, तर त्याने त्यांना चार उलट प्रश्न विचारले असते. या प्रकाराची थट्टा करणं सोपं आहे, पण नुसत्या थट्टेने भागत नाही, कारण चीन-जपानच्या त्या जुन्या शहाणपणात खरोखरच बरंच शहाणपण आहे. पंचाईत एवढीच की त्याचे दोन भाग पडतात. एक भाग डब्यात भरून विकता येतो, दुसरा येत नाही. आणि पुरावा तपासत गेलं की दिसतं, जो डब्यात मावत नाही तो बहुधा खरा आहे आणि जो मावतो त्याची खात्री देता येत नाही. हा नियमच आहे असं माझं म्हणणं आहे, आणि नियम मांडला की अपवाद दाखवणारे येतातच. त्यांचंही ऐकून घेऊ.

साक्षीदार म्हणून आधी काइबारा एकिकेन यांना बोलावतो. जन्म १६३० चा, राहणार फुकुओका, तिथल्या कुरोदा घराण्याच्या पदरी असलेले विद्वान. लहानपणी प्रकृती किरकोळ. तरुणपणी धन्याची मर्जी गेली आणि काही वर्षं हा सामुराई बिनचाकरीचा हिंडला. पुढे मर्जी परत बसली, शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली, त्यात १७०९ मध्ये जपानच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ केला, आणि १७१३ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, 'योजोकुन' लिहिलं. प्रकृती कशी सांभाळावी याचा हा उपदेश. आपल्याला या वयातही रात्री बारीक अक्षर वाचता-लिहिता येतं आणि एकही दात पडलेला नाही, असं ते त्यात जाता जाता सांगून टाकतात. त्या काळी दातांची अवस्था काय असे हे लक्षात घेतलं, तर याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे या माणसाला काही विकायचं नव्हतं. ना तेल, ना काढा, ना शिबिर.

पुस्तकात आहे काय? कमी खा. कमी प्या. कमी बोला. कमी झोपा. फार वेळ बसू नका, फार वेळ उभे राहू नका, फार वेळ आडवे होऊ नका. रोज ३६ वेळा दातांवर दात वाजवा. तळहात चोळून गरम करा आणि चेहऱ्यावरून फिरवा, तळपाय चोळा. थुंकू नका, विशेषतः लांब थुंकू नका, त्याने अंगातली शक्ती जाते. (आपल्या एसटी स्टँडवर हा उपदेश लावायचा झाला तर तो भिंतीवर बराच उंच लावावा लागेल.) औषध उगाच घेऊ नका, चांगला वैद्य मिळत नसेल तर औषध न घेणं म्हणजे मध्यम प्रतीचा वैद्य मिळाल्यासारखंच आहे. जुन्या रीतीचा दाखला देऊन ते अंघोळ दहा दिवसांतून एकदा पुरे म्हणतात. जपानच्या गरम पाण्याच्या कुंडांची जाहिरात करणारे हे पान सोडून पुढे जातात, त्याचं नवल नाही. सातव्या शतकातले चिनी वैद्य सुन सिमियाओ यांच्या आधाराने एक वेळापत्रकही दिलं आहे: विशीतल्या पुरुषाने चार दिवसांतून एकदा, तिशीत आठ, चाळिशीत सोळा, पन्नाशीत वीस. कशाचं ते सुज्ञ वाचकांनी ओळखलं असेलच. तीनशे वर्षांत या पुस्तकाची कुठली पानं सर्वांत मळली असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण पुस्तकाचा गाभा पोटात आहे. पोट सात-आठ हिस्से भरलं की हात थांबवावा, असं एकिकेन पुन्हा पुन्हा बजावतात. आपल्या जुन्या हिशोबात सांगायचं तर सोळा आण्यांपैकी अकरा ते तेरा आणे. गंमत म्हणजे आपल्या वाग्भटाने हजारएक वर्षं आधी पोटाचे चार भाग पाडून दोन अन्नाला, एक पाण्याला दिला आणि चौथा वाऱ्याला मोकळा सोडला. म्हणजे बारा आणे. दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता, तरी हिशोब आण्या-दोन आण्यांच्या फरकाने जुळला. दोन अनोळखी साक्षीदार एकच जबानी देतात तेव्हा न्यायाधीश कान टवकारतो. तिसरी साक्ष ताजी आहे: २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जपानमधल्या ३,२८७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे तुडुंब होईपर्यंत खात आणि भराभरही खात, त्यांच्यात वजन वाढलेलं असण्याची शक्यता, या दोन्ही सवयी नसलेल्यांच्या मानाने, तिपटीच्या घरात होती. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांची लग्नगाठ पक्की बांधता येत नाही, हे खरं. जाडी आधी की घाई आधी, असा वाद घालता येतो. पण एकिकेन जिंकले नसले तरी हरले नाहीत. जेवणानंतर काहीशे पावलं चालावं, हे त्यांचं दुसरं म्हणणं आपण शतपावलीच्या रूपाने आधीच मान्य केलेलं आहे, आणि जेवणानंतर थोडं जरी चाललं तरी रक्तातली साखर कमी उसळते, हे आता मोजून दाखवलेलं आहे. मात्र जेवून लगेच आडवं होण्याला एकिकेन यांचा सक्त विरोध आहे. मराठी माणसाने शतपावली रात्रीकडे आणि वामकुक्षी दुपारकडे अशी जी वाटणी करून टाकली आहे, ती त्यांनी मान्य केली नसती.

आता हा सल्ला विकून दाखवा. 'कमी खा' हे दोन शब्द. त्याचं पाकीट करता येत नाही, त्याचा दुसरा भाग काढता येत नाही, सणासुदीला त्यावर सवलत देता येत नाही. उलट त्याने किराणावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचंच थोडं थोडं नुकसान होतं. म्हणून बाजार त्याच्याशी एकच गोष्ट करू शकतो: कमी खाण्यासाठी जास्त काहीतरी विकत घ्यायला लावणं. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याला ठाऊकच आहे; उपवासाच्या चिवड्याच्या कारखानदारीपुढे जपानी संयमाच्या पावडरी म्हणजे अजून बाल्यावस्थेतला धंदा आहे. बाजार सोडा, घरातही हा सल्ला टिकत नाही. मराठी पंगतीत तेरा आणे पोट ही वैयक्तिक बाब नसते. पाहुणा पानावर हात आडवा धरतो तो नकाराचा नसून वाटाघाटीचा प्रारंभ समजला जातो, आणि वाढप्याच्या हातातली जिलबी बोटांच्या फटीतून पानात उतरते. एकिकेन यांच्या ताटात भात, एक सार, एखादा मासा आणि एक-दोन तोंडी लावणी, आणि तीही बेताची. तिथे थांबणं त्यामानाने सोपं. अन्न ताजं असावं, ऊन असावं, मऊ असावं, थोडं असावं, हे सगळं लिहिताना स्वयंपाकघरात कोण होतं, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. त्यांची पत्नी तोकेन त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान, स्वतः शिकलेली, सुंदर हस्ताक्षरासाठी नावाजलेली. नवऱ्याच्या संयमाचा स्वयंपाक किती वेळखाऊ असतो, यावर तिने एखादं प्रकरण लिहिलं असतं तर पुस्तक पूर्ण झालं असतं.

याउलट डब्यात मावणारा भाग पाहा. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा आज प्रत्येक मनगटावर बसलेला आहे. तो ना सुन सिमियाओंनी सांगितला, ना एकिकेन यांनी. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका घड्याळ कंपनीने पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता, एवढाच त्याचा शास्त्राधार. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा हिशोब झाला, तेव्हा दिसलं की फायदा साडेचार हजारांपासूनच चांगला दिसू लागतो आणि साडेसात हजारांच्या आसपास थांबतो. तरीही आपल्या सोसायट्यांमध्ये रात्री पावणेबाराला पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारी सज्जन माणसं दिसतात, कारण सातशे पावलं उरलेली असतात आणि घड्याळ मध्यरात्री हिशोब बंद करतं. चालणं फुकट होतं तोवर त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याला आकडा आणि पट्टा लागला, आणि ते शास्त्र झालं.

तळपायाच्या नकाशाची कथा याहून सुरस आहे. अंगठ्यात मेंदू, मधल्या खळग्यात मूत्रपिंड, टाचेकडे आतडी असा तो रंगीत तक्ता आपल्याकडे ॲक्युप्रेशरच्या लाकडी रुळाबरोबर, टोचऱ्या चपलेबरोबर येतो आणि त्यावर हमखास 'प्राचीन' असं लिहिलेलं असतं. तळपाय चोळण्याची रीत चीन-जपानात जुनी आहे, एकिकेन यांनीही ती सांगितली आहे, पण हा नकाशा तिथला नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने शरीराचे उभे पट्टे पाडले आणि १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी ते सगळे पायात उतरवले. तिथून ही विद्या युरोपात गेली. तैवानमध्ये तिचा प्रसार ज्यांनी केला ते योसेफ ओइगस्टर हे स्वित्झर्लंडहून आलेले कॅथलिक धर्मगुरू. त्यांचे गुडघे दुखत होते आणि त्यांच्या हाती एका स्विस परिचारिकेचं पुस्तक पडलं. आज तैवानला जाणारे प्रवासी 'अस्सल पौर्वात्य' पाय चोळून घेऊन येतात. अमेरिकेचं, स्वित्झर्लंडमार्गे, एका पाद्र्याच्या गुडघ्यावरून आलेलं ते पौर्वात्यपण आहे. जपानी लोक स्वतःही यातून सुटलेले नाहीत. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी वाम मासा खाल्ला की अंगात ताकद येते, या समजुतीचं श्रेय अठराव्या शतकातल्या हिरागा गेन्नाई या हरहुन्नरी लेखकाला देतात. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसलेल्या एका मासेवाल्याला त्याने पाटी लिहून दिली, असं सांगतात. कथा खरी असो नसो, मासा खपतो.

आता पहिला अपवादवाला उठतो आणि ओकिनावाकडे बोट दाखवतो. तिथली माणसं पोट आठ हिस्से भरतात आणि शंभर वर्षं जगतात, हे तर विकलं जातंच आहे आणि खरंही आहे ना? अर्धं खरं आहे. ज्या पिढीने तिथे शंभरी गाठली ती पिढी मुख्यतः रताळ्यांवर वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातही तिथल्या आहारातले निम्म्याहून जास्त उष्मांक रताळ्यातून येत. त्यात तत्त्वज्ञानाचा वाटा किती आणि गरिबीचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. ताटात तेराच आणे असतील तर संयम फार कठीण जात नाही. मग अमेरिकन लष्कराचे तळ आले, १९६३ मध्ये मोटारीत बसून बर्गर खायचं पहिलं दुकान आलं, आणि २००० सालच्या आकडेवारीत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात जपानच्या ४७ प्रांतांमध्ये २६ व्या क्रमांकावर घसरले. पोट आठ हिस्से भरण्याची म्हण तीच होती, ती म्हणणाऱ्या आज्या हयात होत्या, नातवाच्या हातात मात्र बर्गर होता. (शंभरीचंही जरा जपूनच घ्यावं. २०१० मध्ये जपान सरकारने कुटुंबनोंदींची झडती घेतली तेव्हा शंभरीपुढच्या २,३०,००० हून जास्त माणसांचा पत्ता लागेना. कागदोपत्री काहींनी दीडशेही ओलांडलेली होती. सरासरी आयुर्मान जनगणनेवरून काढतात, त्यामुळे जपानी माणूस दीर्घायुषी आहे यात वाद नाही. पण एखाद्या विशिष्ट आजीचा फोटो डब्यावर छापण्यापूर्वी तिचा जन्मदाखला बघितलेला बरा.)

ओकिनावा घसरत असताना वर चढला तो नागानो. डोंगराळ, थंड, समुद्रापासून लांब असा हा प्रांत. हिवाळा काढायचा तर खारवलेली पालेभाजी आणि खारट मिसो हाच आधार, आणि ती शतकांची परंपरा. त्या परंपरेचं फळ म्हणजे पक्षाघाताने मरणाऱ्यांची मोठी संख्या. तिथे महायुद्धानंतर जे झालं ते इतकं नीरस आहे की त्यावर कुणी रंगीत पुस्तक काढलेलं दिसत नाही. गावोगावच्या बायका स्वयंसेविका झाल्या, शेजारणींच्या घरी जाऊन त्यांच्या सारातलं मीठ मोजायला लागल्या आणि 'अगं, जरा कमी घाल' असं वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. शेजारणीने आपल्या आमटीत मोजपट्टी बुडवणं कुठल्याही संस्कृतीत सुखाचं नसतं. तरी त्या गेल्या. २०१० मध्ये नागानोचे पुरुष आणि स्त्रिया, दोघंही आयुर्मानात देशात पहिले होते. मीठ कमी घालणं हेही डब्यात भरता येत नाही. उलट, डब्यात जे येतं त्यात ते असतंच.

दुसरा अपवादवाला अधिक गंभीर आहे. तो म्हणतो, डबा असो नसो, जे हजार वर्षं टिकलं ते अनुभवाच्या कसोटीला उतरलेलं आहे. या युक्तिवादाला पांढऱ्या भाताने उत्तर दिलेलं आहे. एकिकेन यांच्याच काळात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पॉलिश केलेला शुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा झाला आणि पाय सुजून, बधिर होऊन, हृदय थकून माणसं मरायला लागली. गावी परत गेली, तिथला भरडा खाल्ला की बरी होत. या दुखण्याला लोक शहराच्याच नावाने ओळखत, म्हणजे निरीक्षण अचूक होतं. पण पांढरा भात सोडायची कुणाची तयारी नव्हती. १८६६ मध्ये इएमोची हा शोगुन विशीत असतानाच या आजाराने गेला. १८८२-८३ मध्ये एका जपानी युद्धनौकेवरच्या ३७६ खलाशांपैकी १६९ जण आजारी पडले, २५ मेले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्या जहाजाला जव, मांस, डाळी असं अन्न देऊन त्याच मार्गाने पाठवलं, तर एकही मृत्यू झाला नाही. ताकाकींची उपपत्ती चुकीची होती, त्यांना प्रथिनं कमी पडतात असं वाटे. जीवनसत्त्वांचा शोध लागायचा होता. पण जेवण बरोबर होतं. लष्कराने मात्र ते मानलं नाही. विरोध करणाऱ्यांत मोरी ओगाई हे डॉक्टर होते, जे जपानचे थोर कादंबरीकारही आहेत, आणि रशियाबरोबरच्या १९०४-०५ च्या युद्धात सुमारे २७,००० जपानी सैनिक या आजाराने गेले. शूर सैनिकाला गरिबाघरचे जव कसे द्यायचे, ही त्यातली एक अडचण होती. जुनेपणाने एखादी गोष्ट खरी ठरत नाही. ती फक्त हट्टी ठरते. आणि इथेही प्रतिष्ठा, भाव आणि चकाकी पांढऱ्या तांदळाला होती, गुण कोंड्यात होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीत आणणारा आहे, म्हणून त्याला जरा बसायला देतो. अंग दाबून घेणं हे काही फुकट नसतं, ते शतकानुशतकं विकलं गेलं आहे, आणि तरी त्याने बरं वाटतं. जपानमध्ये 'आन्मा' नावाची अंग रगडण्याची विद्या चीनमधून फार पूर्वी आली. एदो काळात ती अंधांचा व्यवसाय झाली. संध्याकाळी शिट्टी वाजवत अंध मालिशवाले गल्लीतून फिरत. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) या अंध वैद्याने ॲक्युपंक्चरची सुई अचूक टोचण्यासाठी बारीक नळी रूढ केली, जी आजही जगभर वापरतात, आणि शोगुनच्या पाठबळाने अंधांसाठी शाळा काढल्या. १९४७ मध्ये, युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन प्रशासनाने ही सारी विद्या अशास्त्रीय म्हणून बंद करण्याचा विचार केला, तेव्हा अंध व्यावसायिकांनी एवढा विरोध केला की बंदीऐवजी परवान्याचा कायदा झाला. आजही तिथे तीन वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परीक्षा झाल्याशिवाय मालिशचा परवाना मिळत नाही. शिआत्सु हे त्यातलंच धाकटं भावंड. तोकुजिरो नामिकोशी यांनी सात वर्षांचे असताना आईचे दुखरे सांधे अंगठ्याने दाबून ते शोधलं असं सांगतात, १९४० मध्ये टोकियोत शाळा काढली, आणि १९५४ मध्ये जपानला आलेल्या मेरिलिन मन्रो यांच्यावर उपचार केले. अंगठ्याला यापरतं भाग्य ते काय असणार.

तर याने बरं वाटतं की नाही? वाटतं. प्रश्न कशाने वाटतं हा आहे. जर्मनीत पाठदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ॲक्युपंक्चरच्या शास्त्रशुद्ध बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडला तो अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के लोकांना. सुया म्हणजे अंगठे नव्हेत, आणि ज्यांच्या वाट्याला नेहमीचेच उपचार आले ते जरा हिरमुसले असतील हेही खरं. पण आकडे काय सांगतात? बरोबर जागी टोचलं काय आणि चुकीच्या जागी टोचलं काय, फरक किरकोळ. कुणीतरी अर्धा तास आपल्यापाशी थांबून, नीट विचारपूस करून, आपल्या दुखऱ्या पाठीकडे लक्ष दिलं, याचा फरक मोठा. म्हणजे माझा नियम इथेही मोडत नाही, तो एकाच खोलीत दुभंगतो: बिंदूंचा नकाशा डब्यात भरता येतो आणि तो संशयास्पद निघाला, माणसाचा हात आणि वेळ भरता येत नाही आणि काम त्यांनी केलं. तेव्हा दाबून घ्यायला जरूर जावं, पैसेही द्यावेत, कारण ते मेहनतीचे आहेत. फक्त तळपायाच्या कुठल्या कोपऱ्यात यकृत आहे हे विचारू नये. चौथा अपवादवाला 'पण आमच्या साडूंचा गुडघा याच चपलेने बरा झाला' असं म्हणत उभा आहेच. गुडघ्याचं दुखणं आपणहून वरखाली होत असतं, आणि चपला माणूस दुखणं ऐन भरात असताना घेतो. तिथून पुढे उतारच असतो. श्रेय घ्यायला त्या वेळी पायात जे असेल ते.

राहिला शेवटचा प्रश्न. कमी खा आणि थोडं चाला, हे इतकं साधं आहे तर एकिकेन यांना त्यासाठी अख्खं पुस्तक का लिहावं लागलं? कारण माहिती एका ओळीची असली तरी ती ऐकणारा माणूस हट्टी असतो. 'योजोकुन'मध्ये एकच गोष्ट इतक्यांदा येते की वाचक कंटाळतो, आणि तो कंटाळा हेच त्या पुस्तकाचं औषध आहे. ती पुनरावृत्ती पुढे जपानने रेडिओवर नेली. १९२८ पासून तिथे रोज रेडिओवर व्यायाम होतो. साडेसहाला पियानो सुरू होतो, तीन मिनिटं हात वर, हात खाली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मैदानात जमून हजेरीच्या कार्डावर शिक्के घेतात. युद्धाच्या काळात हीच कवायत शिस्तीच्या अतिरेकासाठी वापरली गेली, युद्धानंतर काही वर्षं बंदही पडली, १९५१ मध्ये नव्याने सुरू झाली. फुकट, नीरस, आणि म्हणून माझ्या नियमात चपखल. फक्त तिच्या जन्मदात्याचं नाव जरा अनपेक्षित आहे. ही कल्पना जपानी पोस्ट खात्याच्या आयुर्विमा विभागाने अमेरिकेतल्या एका विमा कंपनीकडून उचलली. दोघांचं गणित सरळ होतं: गिऱ्हाईक जितकं उशिरा मरेल तितके हप्ते जास्त. तेव्हा आरोग्याचा सल्ला विकत घ्यायचाच असेल, तर काढेवाल्याचा, चपलावाल्याचा किंवा घड्याळवाल्याचा घेण्यापेक्षा विमा एजंटाचा घ्या. तो पॉलिसी गळ्यात मारेल, तास दोन तास उठणारही नाही, पण तुम्ही लवकर जावं असं त्याला अजिबात वाटत नाही.